गावंड्यांचा अर्धा गालिचा

लोक गालिचा दाखवायला बोलावतात तेव्हा तो झटकून, पसरून, दिवाणखान्यातले सगळे दिवे लावून ठेवतात. आणि मी गेल्या गेल्या कोपरा धरून तो उलटा करते. परतवाड्याच्या एका बाईंना याचा चांगलाच राग आला होता. "अवो ताई, साडी पाहाले बोलावलं तं तुमी अस्तर काहून पाहून राह्यल्या?" मी म्हटलं, "बाई, याला अस्तर असतं तर मी आल्या पावली परत गेले असते."

गंमत सोडा, पण खरं तेच आहे. हातानं गाठ मारून विणलेल्या गालिच्याला पाठीवर कापड चिकटवावं लागत नाही. त्याची नक्षी समोर जशी दिसते तशीच पाठीमागे दिसते, उलट जास्त स्वच्छ दिसते, कारण मागे लव नसते. एकेक गाठ डोळ्यांनी मोजता येते आणि त्या गाठी जरा वेड्यावाकड्या असतात. मशीनच्या गालिच्यात सगळं शाळेतल्या कवायतीसारखं एका रेषेत असतं. आणि झालर पाहायची. अस्सल गालिच्यात झालर म्हणजे ताण्याचीच, उभ्या धाग्यांचीच टोकं, अंगातूनच निघालेली. नकलीला ती मागाहून शिवून लावतात.

हे सगळं मला गफूर उस्तादांनी शिकवलं. माझे वडील अचलपूरच्या कापडगिरणीत कामाला होते. मी दहावी झाले त्या वर्षी आमच्या वस्तीजवळ सरकारी गालिचा प्रशिक्षण केंद्र निघालं आणि भत्ता मिळतो म्हणून आम्ही बऱ्याच मुली तिथं गेलो. उस्ताद तिथं शिकवायला होते. त्यांच्या घरात रफूचं आणि जुन्या गालिच्यांच्या दुरुस्तीचं काम पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. पुढे केंद्र बंद पडलं. मुलींची लग्नं झाली, काही नोकरीला लागल्या. मी मात्र उस्तादांच्या हाताखाली राहिले, नंतर लग्न होऊन अमरावतीला आले तरी राहिले. वऱ्हाड एकेकाळी निजामाचा मुलूख. जुन्या घरांतून, देवड्यांतून, जिनिंगवाल्यांच्या बंगल्यांतून इराणी गालिचे हैदराबादेहून आलेले होते. घरच्यांना त्यांचं मोल कळायचं नाही, पण टाकवायचेही नाहीत. मग उस्तादांना निरोप यायचा.

उस्ताद म्हणायचे, "बेटी, सामने से सब गालिचे खूबसूरत. पीछे से देख." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता बाजारात वांगी घेतानासुद्धा मी ती उलटी करून पाहते.

गिऱ्हाइकं एकाहून एक भेटली. अकोल्याच्या एका गृहस्थांनी त्यांच्या गालिच्यातला लाल रंग मधेच एका पट्ट्यात फिका झालाय म्हणून दुकानदारावर दावा लावायची तयारी केली होती. त्यांना समजावताना माझा घसा बसला. विणकर डोंगरातल्या खेड्यात बसून विणतो, रंगवलेली लोकर संपते, नवी रंगवतो, ती हुबेहूब तशी उतरत नाही. तो पट्टा म्हणजे हाताच्या कामाची खूण. दुसऱ्या एका घरी मंडळींनी सुंदर जुना इराणातल्या काशानचा गालिचा कूलरसमोर अंथरलेला. आपल्याकडचे कूलर म्हणजे उन्हाळ्यातला घरचा माणूसच, पण त्याचं पाणी वर्षानुवर्षं ठिबकत राहिलं आणि आतला सुताचा ताणा कुजला. वरून काही दिसत नव्हतं. मी कोपरा दुमडला तर कटकन आवाज आला.  लोकरीला कसर लागली तर विणता येतं, ताणाच मेला तर काही करता येत नाही. त्या घरच्या आजोबांना हे सांगताना मला फार वाईट वाटलं होतं.

पण लिहायचं आहे ते गावंड्यांच्या गालिच्याबद्दल.

अमरावतीचे नानाजी गावंडे म्हणजे मोर्शीकडचे मोठे बागायतदार, संत्र्याचे मळे, शहरात जुनं घर. त्यांच्या नातवानं मोबाइलवर कुठल्याशा परदेशी लिलावात इराणी गालिच्याची किंमत पाहिली आणि आजोबांच्या मागे लागला की आपलाही दाखवून घेऊ. म्हणून मला बोलावणं आलं. आडनाव सांगितल्यावर चहा कोणत्या कपात येतो हे पाहायची सवय मला लहानपणापासून आहे. गावंड्यांकडे तो चांगल्या कपात आला, हेही सांगून टाकते.

नानाजी ऐंशीच्या घरातले. ताठ बसणारे, कमी बोलणारे. पेटीतून कडुनिंबाच्या पाल्यात गुंडाळलेला गालिचा काढून त्यांनी माझ्यासमोर पसरवला आणि मी उलटा करायचं विसरले. गर्द लाल जमीन, निळी किनार, तीन बाजूंनी वेलबुट्टी. आणि चौथ्या बाजूला, जिथं मधलं मोठं गोल फूल असायला हवं, तिथं ते अर्ध्यावर तुटलेलं. त्या बाजूला जाड खादीची पट्टी शिवलेली.

"हा अर्धा आहे," मी म्हटलं.

"हो. अर्धाच हाय." नानाजींनी खिडकीबाहेर पाहिलं. "वाटणीत कापला."

मग त्यांनी थोडक्यात सांगितलं. त्यांच्या आजोबांनी आणलेला गालिचा. घरातल्या प्रत्येक लग्नात मांडवात तो पहिला अंथरायचा, त्यावर नवरानवरी बसायची. वडील गेले, दोघा भावांत वाटणी निघाली. शेत वाटलं, बैलजोड्या वाटल्या, भांडी वाटली. गालिच्यापाशी दोघंही अडले. धाकटे वसंतराव म्हणाले, मला पाहिजे. हे म्हणाले, मला पाहिजे. कोणीही एकानं घेतला असता तर दुसऱ्याचं डोकं वर राहिलं नसतं. शेवटी पंचांसमोर ठरलं की अर्धा अर्धा करा. वसंतराव आपला अर्धा घेऊन अकोल्याला राहायला गेले, त्यानंतर दोघांचं बोलणं नाही. तीस वर्षं होत आली.

मी पाठ उलटी करून पाहिली. बारीक गाठी, हातकताईची लोकर, लव बोटांनी उकलली तर मुळाशी रंग टवटवीत, शेंड्याला किंचित उतरलेला. म्हणजे रंग झाडापाल्याचे आणि मुरलेले. ओल्या पांढऱ्या रुमालानं घासून पाहिलं, रुमाल पांढराच. इराणातल्या केरमानचं उत्तम काम होतं. मग माझी नजर त्या खादीच्या पट्टीवर गेली आणि तिथंच थांबली. तिचे टाके मी ओळखले. एक लांब, दोन आखूड. असे टाके आमच्याकडे एकच माणूस घालायचा.

मला आठवलं. उस्ताद एकदा पिशवी घेऊन एकटेच अमरावतीला गेले होते, मला बरोबर नेलं नव्हतं. परत आल्यावर काही दिवस रंगाची भट्टी पेटवून बसले. कशाकरता रंगवताय विचारलं तर गप्प. मग पुन्हा एकटेच गेले आणि आल्यावर जेवले नाहीत. त्यांची बायको, आमच्या चाची, रागावल्या तेव्हा एवढंच म्हणाले, "मैं नहीं काटता तो कोई सोफेवाला काटता." मला तेव्हा काही उमगलं नव्हतं.

नातू विचारत होता, "ताई, किती येतील?" मी त्याला सरळ सांगितलं की अख्खा असता तर तू पाहिलेल्या गालिच्यांच्या पंगतीत बसला असता. अर्ध्याला बाजारात कोणी विचारत नाही. मधलं फूल तुटलं की नजर अडते, घेणाऱ्याचं मन धजत नाही.

"अन् जोडला तं?" नानाजींनी विचारलं.

"दोन्ही अर्धे लागतील. जोडलेल्याची किंमत अख्ख्यासारखी येत नाही, पण गालिचा होईल."

त्यांनी गालिच्याचा दुमडलेला कोपरा सारखा केला. मग म्हणाले, "म्या मांगाले जाणार नाई. त्यानं यावं." मी पट्टी उकलून पाहिली नाही. जरा जास्त फुगीर वाटली होती खरी, पण गरज पडल्याशिवाय दुसऱ्याचं काम उसवायचं नाही हे उस्तादांनी शिकवलेलं. मी घरी आले.

त्यानंतर वर्षभरानं अकोल्याहून फोन आला. एका तरुण माणसाचा आवाज. जुना गालिचा आहे, सुबकपणे दोन तुकडे करून द्यायचे आहेत, दोघा भावांच्या दोन फ्लॅटमध्ये भिंतीवर लावायला. आडनाव विचारलं, तर गावंडे. वसंतराव दोन महिन्यांपूर्वी गेले होते. आता त्यांच्या मुलांची वाटणी होती.

मी पहिल्या एसटीनं अकोल्याला गेले. खोटं का सांगू, गालिच्यासाठी गेले. गावंडे मंडळींच्या भांडणाशी मला देणंघेणं नव्हतं. पण तो अर्ध्याचा पाव होणार या कल्पनेनं मला बसवेना. नाही म्हणायचं तर सोपं होतं. मी नाही म्हटलं असतं तर ते कुण्या सोफेवाल्याकडे गेले असते आणि त्यानं पत्रा कापायच्या कैचीनं काम उरकलं असतं. उस्तादांना त्या दिवशी काय वाटलं असेल ते मला एसटीत बसल्या बसल्या कळलं.

मोठा अविनाश, धाकटा प्रशांत. वाईट मुलं नव्हती. त्यांनी आजवर दुसरं काही पाहिलंच नव्हतं, वाटणी म्हणजे बरोबर निम्मं. त्यांची आई सुमनबाई भिंतीला टेकून बसलेल्या. गालिचा दिवाणखान्यात पसरलेला होता, पश्चिमेच्या खिडकीसमोर. तीस उन्हाळे अकोल्याचं ऊन खाऊन लाल रंग विटकरीवर आलेला. अर्धं फूल, खादीची पट्टी, एक लांब दोन आखूड.

"कापायच्या आधी ही पट्टी उसवावी लागेल," मी म्हटलं. "मागे ताणा कसा आहे पाहिल्याशिवाय मी कैची लावत नाही."

"उसवा न, त्यात काय," अविनाश म्हणाला.

मी एकेक टाका कापत गेले. खादी मोकळी झाली तशी आतून आधी ताण्याचे सुती धागे बाहेर आले. उस्तादांनी ते गालिच्यालगत छाटले नव्हते. मधल्या काही ओळींच्या गाठी उसवून त्यांनी धागे लांब मोकळे ठेवले होते आणि जपून आत दुमडले होते. आपल्या धंद्यात ज्याला कायमचं कापायचंय तो असं कधी करत नाही. मेहनत फुकट जाते. असं तोच करतो ज्याला वाटतं की हे पुन्हा जोडायला कुणीतरी येणार आहे.

धाग्यांच्या खाली मलमलीची सुरळी होती. उलगडली तर आत लोकरीच्या लडी. मंजिष्ठेचा लाल. उसवलेल्या गाठींचे तुकडे बोटभरही नसतात, ते पुन्हा बांधता येत नाहीत. म्हणून उस्तादांनी भट्टी लावून त्याच रंगाची नवी लोकर रंगवली होती आणि शिवून ठेवली होती. लोकरीत तंबाखूचा चुरा होता, कसर लागू नये म्हणून. वास अजून येत होता.

मला रडू आलं. परक्या घरी, अनोळखी मुलांसमोर. त्यांना वाटलं माझं काहीतरी कापलं. मी त्यांना सगळं सांगितलं, ते धागे काय, ती लोकर काय, आणि ज्यानं हे केलं तो आता नाही. प्रशांतनं लाल लड हातात घेतली आणि गालिच्यावर ठेवली. "इतका लाल होता हा?" तो म्हणाला.

तेव्हा सुमनबाई पहिल्यांदा बोलल्या. "शेवटी शेवटी हे मले रोज इचारत. म्हणत, दादाकडचा अर्धा असन का व अजून? म्या म्हणो, जाऊन पाहून या न. तं भिंतीकडे तोंड करत." मग मुलांकडे वळून म्हणाल्या, "नाई कापाचा. माह्या जितेपणी तरी नाई."

मी तिथूनच नानाजींना फोन लावला. "नानाजी, मी अकोल्याले आहो. तुमचा दुसरा अर्धा माह्या समोर हाय."

 पलीकडून आवाज आला, "उलटा करून पाह्यला?"

"पाह्यला."

 "मी तेरवीले आलो नाई," ते म्हणाले. "गाडी निंघाली होती, बडनेऱ्याहून परत फिरवली. सुमनले इचारा, आता आलो तं चालते का."

मी विचारलं. सुमनबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "म्हणा, स्वयंपाक करून राह्यली."

दुसऱ्या दिवशी नानाजी आपला अर्धा घेऊन आले. नातवानं तो गाडीतून उतरवला. मी नानाजींसमोर त्यांची पट्टी उसवली. आत मलमलीची दुसरी सुरळी होती, पण तिच्यात लाल लोकर नव्हती. निळी होती आणि सायीच्या रंगाची होती. लाल सगळी अकोल्याकडे, निळी सगळी अमरावतीकडे. उस्तादांनी हे मुद्दाम केलं की एका पट्टीत मावेना म्हणून केलं, मला आजही सांगता येत नाही. त्यांचा स्वभाव पाहता मुद्दामच केलं असावं. पण त्यांच्या नावावर उगाच काही चढवायला नको.

दोन्ही अर्धे मांडताना नानाजींनी चूक केली, सगळेच करतात. दोन्ही अर्धी फुलं एकाच बाजूला तोंड करून ठेवली, एकाची कापलेली कड दुसऱ्याच्या झालरीला भिडली. मी त्यांना हात फिरवायला सांगितला. गालिच्याची लव एकाच दिशेनं झुकते, विणायला जिथून सुरुवात केली त्या टोकाकडे. त्यांचा हात या अर्ध्यावरून निघून त्या अर्ध्यावर गेला आणि अडला. मांजराच्या पाठीवरून उलटा हात फिरवल्यासारखा. आम्ही एक अर्धा फिरवला, फुलाला फूल भिडलं. मग हात सरसर गेला, टोकापर्यंत.

पुढे मी सुमनबाईंच्या घरी राहून काम केलं. उस्तादांनी राखलेल्या धाग्यांच्या जोडीला नवा ताणा सुईनं दोन्हीकडे आतपर्यंत ओवला, आडवा बाणा भरला, लोखंडी दात्यांच्या पंजानं ठोकला, मग एकेक गाठ. डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत, गुडघ्यांनी तर राजीनामाच दिला होता. नानाजी अधूनमधून अमरावतीहून येत, खुर्ची टाकून बसत. भावाबद्दल सुमनबाईंशी काय बोलत ते मी ऐकलं नाही, ऐकायचं नव्हतं. अविनाश-प्रशांतमध्ये गालिच्याचा विषय पुन्हा निघाला नाही. असं ठरलं की तो कुणाच्या वाट्याला जायचा नाही, ज्याच्या घरी लग्न त्याच्या घरी जाईल, एरवी अकोल्याला राहील. पण खिडकीला पडदा लावायचा, ही माझी अट.

काम संपलं आणि आम्ही सगळे उभे राहून पाहत होतो. अमरावतीचा अर्धा पेटीत राहून गर्द, अकोल्याचा उन्हानं फिका. आणि मधोमध, फुलाच्या पोटातून आडवी, चार बोटं रुंद पट्टी, लालभडक आणि निळीशार. उस्तादांनी रंग तेव्हाच्या गालिच्याशी जुळवला होता. लोकर अंधारात राहिली आणि तशीच्या तशी राहिली, दोन्ही अर्धे मात्र आपापल्या वाटेनं बदलले. माझं जोडकाम चांगलं झालं होतं, पाठीवरूनही शिवण सापडली नसती. पण ही पट्टी आंधळ्यालाही दिसली असती.

आमच्या धंद्यात यावर उपाय आहे. अशा पट्टीचा रंग उतरवता येतो. ऊन देऊन, चहाच्या पाण्यानं, आणखीही काही गोष्टींनी. महिन्याभरात कळणारसुद्धा नाही. किंमतही वाढते. मी तसं सांगितलं.

"उतरवून टाका," नानाजी लगेच म्हणाले. "लोकायले काहून दाखवाचं?"

सुमनबाई त्यांच्यासमोर सहसा बोलत नसत. त्या दिवशी बोलल्या. "नानाजी, तीस वर्स झाकूनच ठेवलं न आपण."

नानाजींनी काठी दुसऱ्या हातात घेतली.  निघताना मला म्हणाले, "राहू द्या मंग."

गेल्या उन्हाळ्यात प्रशांतचं लग्न अकोल्याला झालं. मलाही निमंत्रण होतं. मांडवात गालिचा अंथरला होता. पाहुणे येत होते, पाहत होते, आणि जो तो विचारत होता की इतका सुंदर गालिचा, मधे ही पट्टी अशी कशी. काहींना ती रिबन वाटली, काहींना डाग. मी जवळच बसले होते. सांगायला तोंड उघडणार तोच पाहिलं, नानाजींनी खुर्ची ओढून घेतली होती ती बरोबर त्या पट्टीच्या टोकाशी. अंगात धुतलेला सदरा, हातात काठी. अंजनगावचे कुणी व्याही विचारत होते. नानाजींनी काठीचं टोक पट्टीवर अलगद टेकवलं.

"अठी म्या अन् वसंतानं कापला होता," ते म्हणाले.

व्याही पुढे सरकले. मागून दुसरे पाहुणे आले. त्यांनीही तेच विचारलं. नानाजींनी पुन्हा काठी टेकवली. नवरानवरी येऊन गालिच्यावर बसेपर्यंत ते तिथून उठले नाहीत, आणि ज्यानं ज्यानं विचारलं त्या प्रत्येकाला त्यांनी तेच सांगितलं.